लॉगिन होतं, पण पुढच्या क्लिकला परत लॉगिनचंच पान

हा एकच बिघाड मी इतक्यांदा काढलाय की आता फोनवर कुणी "अरे ते लॉगिन..." एवढं म्हटलं तरी पुढचं वाक्य मला पाठ असतं. सिंहगड रोडवरच्या एका सोसायटीचं मेंटेनन्स पोर्टल, नऱ्ह्यातल्या एका क्लासचं मार्क दाखवायचं पान, कोथरूडमध्ये डबे देणाऱ्या एका ताईंचं ऑर्डर घ्यायचं पान, शिवाय दिवसा हिंजवडीत नोकरी आणि रात्री घरी स्वतःचं काहीतरी बनवणारी दोन-चार पोरं. सगळ्यांचं दुखणं एक. सर्व्हर छान चालू होता, मग कुणीतरी म्हणालं यात आता लॉगिन टाकूया, ट्युटोरियल बघून मिडलवेअर (पानापर्यंत पोचायच्या आधी प्रत्येक रिक्वेस्ट बघणारा कोड) बसवलं आणि तिथपासून पान उघडेना. सोसायटीच्या सेक्रेटरी काकांनी तर सकाळी साडेसातला फोन करून सांगितलं, "अहो, तुमची वेबसाईट मला आत घेते, बसा म्हणते, आणि बसायच्या आत परत दारात उभं करते." या बिघाडाचं यापेक्षा नेमकं वर्णन मी आजवर ऐकलेलं नाही.

उदाहरणं बहुतेक नोड-एक्सप्रेसची (जावास्क्रिप्टमध्ये सर्व्हर लिहायची साधनं) आहेत कारण माझ्याकडे कामं तीच येतात, पण जँगो, फ्लास्क, लाराव्हेल काहीही असलं तरी बघायचा क्रम हाच.

आधी लक्षणं

"लॉगिन चालत नाही" हे लक्षण नव्हे, ती तक्रार झाली. खालच्यातलं तुमचं कुठलं ते आधी ठरवा, कारण अर्धं उत्तर त्यातच असतं.

– पासवर्ड बरोबर घेतला, "स्वागत आहे" पण दिसलं, पुढच्या क्लिकला परत लॉगिन. दरवेळी, न चुकता.
– पान उघडतच नाही, ब्राउझर म्हणतो फार वेळा रिडायरेक्ट झालं (एका पानावरून दुसऱ्यावर ढकललं गेलं).
– पोस्टमनमध्ये (ब्राउझरशिवाय रिक्वेस्ट पाठवून बघायचं टूल) मक्खन चालतं, ब्राउझरमध्ये ४०१ (सर्व्हरचा नकाराचा कोड, अर्थ खाली आहे).
– लॅपटॉपवर चालतं, सर्व्हरवर टाकलं की नाही.
– कधी चालतं कधी नाही, दोन-तीनदा रिफ्रेश मारलं की चालतं. (हे सगळ्यात डोकं खाणारं.)
– थोडा वेळ चालतं आणि मग सगळ्यांनाच एकदम बाहेर काढतं.
– लॉगिन टिकतं, पण ठरावीक पानावर ४०३.

आता ४०१ आणि ४०३ मध्ये गोंधळ नको. ४०१ चं इंग्रजी नाव "अनऑथराइज्ड" आहे आणि ते नावच फसवं आहे, त्याचा खरा अर्थ "तू कोण ते मला कळलं नाही". ४०३ म्हणजे "तू कोण ते कळलं, पण इथे तुला परवानगी नाही". सोसायटीच्या गेटवर वॉचमन नाव विचारतो ते पहिलं, आणि आत आलेल्या भाडेकरूला गच्चीची किल्ली मिळत नाही ते दुसरं. पहिल्याला ऑथेंटिकेशन म्हणतात, दुसऱ्याला ऑथरायझेशन. तुम्हाला ४०३ येत असेल तर कुकी आणि टोकनच्या मागे लागू नका, सरळ खाली परवानग्यांच्या भागावर जा, नाहीतर रात्र जाईल. माझी गेलीये. एक गोष्ट मात्र आहे, काही लोक स्वतःच्या कोडमध्ये दोन्हीकडे ४०१ च पाठवतात किंवा दोन्हीकडे लॉगिनच्या पानावर ढकलतात, तसं असेल तर पहिलं काम म्हणजे हे दोन वेगळे करणं.

माझं म्हणणं एवढंच आहे की बिघाड जवळपास कधीच पासवर्डच्या तपासणीत नसतो. लॉगिन झालं की सर्व्हर एक पास देतो (कुकी किंवा टोकन), ब्राउझर तो सांभाळतो आणि दरवेळी बरोबर नेतो, आणि मिडलवेअर दारात तो तपासतं. देणारा, नेणारा, तपासणारा. या तिघांपैकी पास कुणाच्या हातून पडला एवढं शोधायचं. आणि लोक काय करतात, तर पासवर्ड हॅश करायचा (ओळखू न येणाऱ्या रूपात बदलायचा) कोड परत परत लिहितात, जो बिचारा पहिल्यापासून बरोबर असतो.

फुकटातलं, दोन मिनिटांचं

कोडला हात लावायच्या आधी इन्कॉग्निटो विंडो उघडून बघा. टेस्टिंग करताना त्याच नावाच्या जुन्या कुकी साचलेल्या असतात, वेगळ्या पाथवरच्या, वेगळ्या सबडोमेनवरच्या, आणि ब्राउझर दोन्ही पाठवतो, सर्व्हर त्यातली नेमकी जुनी उचलतो. इन्कॉग्निटोमध्ये चाललं तर कुकी साफ करा आणि चहा प्या.

मग ॲड्रेस बार नीट वाचा. लॉगिन "लोकलहोस्ट" वर केलं आणि नंतरची लिंक १२७.०.०.१ वर जाते, असं होतं बऱ्याचदा. तुमच्यासाठी ते एकच मशीन आहे, ब्राउझरसाठी दोन वेगळी घरं, एकाची कुकी दुसऱ्याला देत नाही. डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू लावलेलं आणि न लावलेलं, तीच गत. पोर्ट वेगळा असला तर मात्र कुकीला फरक पडत नाही, ३००० वरची कुकी ५००० ला पण जाते. लोकांना हे बरोबर उलटं वाटत असतं.

नेटवर्क टॅब

इथे घाई करू नका, माझ्या दहातल्या सात-आठ केसेस इथेच संपतात. डेव्हलपर टूल्स उघडा, नेटवर्क टॅब, आणि "प्रिझर्व्ह लॉग" वर टिक करा. टिक नसेल तर रिडायरेक्ट झाल्या झाल्या लॉगिनची रिक्वेस्ट यादीतून पुसली जाते आणि तुम्ही म्हणता काही दिसतच नाही. आता लॉगिन करा आणि तीन जागा बघा.

पहिली, लॉगिनच्या उत्तरात "सेट-कुकी" हेडर आहे का? नसेल तर देणाऱ्यानेच पास दिला नाही, दोष सर्व्हरकडे. खाली "लॅपटॉपवर चालतं, सर्व्हरवर नाही" हा प्रॉक्सीचा भाग वाचा, नव्वद टक्के तेच असेल.

दुसरी, हेडर आहे पण कुकी साठवली गेली का? ॲप्लिकेशन टॅबमध्ये कुकीची यादी असते तिथे बघा. क्रोम कुकी नाकारतो तेव्हा नेटवर्क टॅबमधल्या त्या सेट-कुकीच्या ओळीशेजारी छोटा पिवळा त्रिकोण दाखवतो, माऊस नेला की कारण पण सांगतो. हे कारण वाचा! लोक वाचत नाहीत. कारणं ठरलेली आहेत: "सिक्युअर" (फक्त एचटीटीपीएसवर जा, अशी खूण) लावलंय पण साईट साध्या एचटीटीपीवर आहे, "सेमसाइट" (दुसऱ्या साईटवरून कुकी जाऊ द्यायची का ते ठरवणारी खूण) नन केलंय पण सिक्युअर लावलं नाही, किंवा कुकीत इतकं कोंबलंय की ती ४०९६ बाइटच्या वर गेली. हे शेवटचं हसण्यावारी नेऊ नका. एका पोराने युजरचं सगळं प्रोफाइल टोकनमध्ये घातलं होतं, फोटोची लिंक, पत्ता, सोळा परवानग्या, सगळं. त्याचं स्वतःचं लॉगिन चालायचं कारण त्याचा पत्ता छोटा होता, आणि ज्यांच्या पत्त्यात बिल्डिंग, विंग, "मारुती मंदिरासमोरची गल्ली" वगैरे होतं ते बाहेर.

तिसरी, कुकी साठवली, पण पुढच्या रिक्वेस्टबरोबर गेली का? नसेल गेली तर आधी पाथ बघा. सेट-कुकी हाताने लिहिलं असेल आणि त्यात पाथ दिला नसेल तर ब्राउझर स्वतःच ठरवतो, लॉगिनचा पत्ता "/एपीआय/ऑथ/लॉगिन" असेल तर कुकी फक्त "/एपीआय/ऑथ" च्या खालीच जाणार, "/एपीआय/ऑर्डर्स" ला नाही. डबेवाल्या ताईंकडे हेच झालं होतं. लॉगिन व्हायचं, प्रोफाइल दिसायचं, कारण तेही ऑथच्याच खाली होतं, आणि ऑर्डरची यादी उघडली की बाहेर. दोन दिवस आम्ही डेटाबेसला शिव्या देत होतो आणि दुरुस्ती होती एक तिरकी रेघ. पाथ म्हणून नुसतं "/" द्यायचं.

पाथ बरोबर असेल तर सेमसाइट. २०२० मध्ये क्रोम ८० पासून, कुकीवर काही लिहिलं नसेल तर "लॅक्स" धरलं जातं, म्हणजे दुसऱ्या साईटवरून मागून मारलेल्या फेच (पान न बदलता कोडने केलेल्या) रिक्वेस्टबरोबर ती जात नाही. फ्रंटएंड (दिसणारी पानं) एका फुकटच्या होस्टिंगवर आणि एपीआय (मागून माहिती देणारा सर्व्हर) दुसऱ्याच डोमेनवर असं असेल तर हा दणका बसतोच. यावर नेटवर "नन आणि सिक्युअर लावा" असं उत्तर मिळतं, ते क्रोममध्ये चालेलही, पण सफारी त्याच वर्षापासून तिसऱ्या साईटच्या कुकी मुळातच अडवतो आणि आयफोनवाले युजर परत तुमच्याच नावाने ओरडणार. सरळ दोन्ही एकाच डोमेनखाली आणा, एपीआयला सबडोमेन द्या. डोमेनचा वर्षाचा खर्च या डोकेदुखीपेक्षा स्वस्त आहे.

कुकी नसून टोकन असेल तर

मग ऑथरायझेशन हेडर नेमका काय गेलाय ते अक्षर अक्षर वाचा. "बेअरर", एक स्पेस, मग टोकन. स्पेस विसरलेली असते. टोकन लोकल स्टोरेजमध्ये जेसन करून ठेवलं आणि काढताना उलटं केलं नाही तर दोन्ही बाजूला अवतरणचिन्हं चिकटून जातात. आणि माझं आवडतं, टोकनच्या जागी शब्दच असतो "अनडिफाइन्ड". सर्व्हर म्हणतो टोकन चुकीचं आहे, माणूस सर्व्हरवर संशय घेतो, पण अहो, तुम्ही पाठवलंयच काय?

पोस्टमनमध्ये चालतं, ब्राउझरमध्ये नाही

हे ऐकलं की डोळे मिटून कॉर्स, म्हणजे एका साईटच्या पानाने दुसरीकडच्या सर्व्हरशी कसं बोलायचं त्याचे नियम. कॉर्सचे नियम ब्राउझर पाळतो, पोस्टमनला त्याच्याशी देणंघेणं नाही. फेचमध्ये "क्रेडेन्शियल्स : इन्क्लूड" नसेल तर दुसऱ्या ओरिजिनला (प्रोटोकॉल, नाव आणि पोर्ट मिळून होतो तो पत्ता) कुकी जातच नाही, आणि ते लावलं की सर्व्हरने परवानगीत ओरिजिनचं पूर्ण नाव द्यायला लागतं, तारांकन चालत नाही, शिवाय "अलाव-क्रेडेन्शियल्स" ट्रू लागतं.

आणि यातली खरी खोच पुढे आहे. ब्राउझर बऱ्याचदा मुख्य रिक्वेस्टच्या आधी "ऑप्शन्स" नावाची एक चौकशीची रिक्वेस्ट पाठवतो आणि तिच्याबरोबर ना कुकी असते ना टोकन. तुमचं लॉगिन तपासणारं मिडलवेअर कॉर्सच्या आधी बसलं असेल तर ते त्या चौकशीलाच ४०१ देतं, आणि खरी रिक्वेस्ट निघतच नाही. म्हणजे पाहुणा येऊ का म्हणून फोन करतोय आणि तुम्ही फोनवरच ओळखपत्र दाखव म्हणताय. कॉर्स आधी, तपासणी नंतर.

मिडलवेअरचा क्रम

आता कोड उघडा. एक्सप्रेसमध्ये मिडलवेअर लिहिलेल्या क्रमाने चालतं, वरून खाली. आधी कॉर्स, मग बॉडी आणि कुकी वाचणारे, मग सेशन (कोण लॉगिन आहे त्याची सर्व्हरवरची नोंद), मग लॉगिन आणि साइन-अपचे उघडे राऊट (पत्ते), मग तपासणारा, आणि त्याच्या खाली बंद दाराआडचे राऊट. सेशन तपासणाऱ्याच्या खाली गेलं तर तपासणाऱ्याला युजर कधीच दिसणार नाही, दरवेळी न चुकता ४०१.

फार वेळा रिडायरेक्ट होतंय म्हणजे लॉगिनचं पानच तपासणाऱ्याच्या खाली गेलंय. लॉगिन नाही म्हणून लॉगिनच्या पानावर पाठवलं, ते पान म्हणतं लॉगिन कुठेय, परत पाठवलं. कधी कधी पान उघडतं पण भुंडं दिसतं, कारण सीएसएसची फाईल पण पास मागतेय. स्टॅटिक फाईल्स वर काढा.

तपासणाऱ्याच्या आत एक चूक ठरलेली असते, नकार पाठवल्यावर "रिटर्न" लिहिलेलं नसतं. मग ४०१ जातो आणि कोड थांबत नाही, तसाच पुढे नेक्स्टवर जातो आणि कन्सोलमध्ये हेडर पाठवून झाल्यावर परत लावता येत नाहीत अशी एरर येते. ही एरर नुसती कटकट समजू नका. नकार दिलेल्या माणसासाठी आतला कोड चाललाय असा तिचा अर्थ आहे. त्या राऊटमध्ये डिलीट असेल तर डिलीट होऊन गेलेलं असतं.

असिंक मिडलवेअर (उत्तराची वाट बघणारं) असेल आणि एक्सप्रेस ४ वर असाल तर आतली फसलेली प्रॉमिस आपोआप एरर हँडलरकडे जात नाही, जुन्या नोडवर रिक्वेस्ट नुसती लोंबकळत राहते, नोड १५ पासून तर अख्खी प्रोसेसच पडते. एक्सप्रेस ५ मध्ये ते सुधारलंय. ४ वर ट्राय-कॅच लावा.

तीन सेकंदांचं लॉगिन

नऱ्ह्याच्या क्लासचे सर म्हणाले, "लॉगिन होतं, मुलांची यादी येते, नावावर क्लिक केलं की बाहेर." मी त्यांच्या शेजारी बसून केलं तर चाललं! सरांनी केलं तर नाही. परत मी, चाललं. परत सर, नाही. सर म्हणाले तुमच्या हाताला गुण आहे. मग लक्षात आलं की मी पटकन क्लिक करतो आणि सर चष्मा वर करून नाव शोधून क्लिक करतात. मोबाईलवर स्टॉपवॉच लावला. तीन सेकंदांच्या आत क्लिक केलं तर चालायचं, वर गेलं की बाहेर.

झालं होतं असं की टोकनची मुदत एनव्ही फाईलमध्ये (सेटिंग ठेवायची फाईल) ३६०० अशी लिहिली होती, एक तास म्हणून. जेसनवेबटोकन लायब्ररीला मुदत आकडा म्हणून दिली तर ती सेकंद धरते, पण एनव्हीमधून येतं ते सगळं स्ट्रिंग (नुसता मजकूर) असतं, आणि एकक नसलेली स्ट्रिंग ती मिलिसेकंद धरते. ३६०० मिलिसेकंद म्हणजे साडेतीन सेकंद आणि थोडं. तिच्या डॉक्युमेंटेशनमध्ये हे चक्क लिहिलेलं आहे, आणि मी ते तीन प्रोजेक्ट होईपर्यंत वाचलं नव्हतं. एनव्हीमध्ये "१एच" असं एककासकट लिहा, नाहीतर आकड्यात बदलून द्या. मुदत हाताने काढत असाल तर उलटी चूक होते, टोकनमधली मुदत सेकंदांत असते आणि जावास्क्रिप्टचं "डेट नाऊ" मिलिसेकंदांत, हजाराने भागायचं राहिलं तर टोकन हजारो वर्षं मरत नाही. त्याची तक्रार कुणीच करत नाही, म्हणून जास्त वाईट.

घड्याळ

सर्व्हरवर वेळ बघा, दहा सेकंदांचं काम आहे. दुसऱ्या एका ठिकाणी ऑफिसातला जुना डेस्कटॉपच सर्व्हर होता. तक्रार अशी की शुक्रवारी सकाळी केलेलं लॉगिन दहा-पंधरा मिनिटांत मरतं, सगळ्यांचं एकदम, आणि परत केलं की दिवसभर टिकतं. फक्त शुक्रवारी. गुरुवारी त्या भागात दुरुस्तीसाठी लाईट जायची, मदरबोर्डवरचा सेल संपलेला, त्यामुळे मशीन सुरू झालं की काही वर्षं मागची तारीख. त्या तारखेने टोकन दिली जायची, मग नेट येऊन घड्याळ बरोबर झालं की दिलेली सगळी टोकन एका क्षणात काही वर्षं जुनी. सीआर २०३२ चा सेल बदलला, शंभर रुपयेही लागले नाहीत. दोन सर्व्हर असतील, एक टोकन देणारा आणि एक तपासणारा, तर दोघांची घड्याळं जुळलीच पाहिजेत, एनटीपी (नेटवरून घड्याळ जुळवणारी सोय) चालू ठेवा. कंपन्यांसाठी सर्ट-इनचा (सरकारची सायबर सुरक्षा संस्था) २०२२ चा आदेशच आहे की घड्याळं एनआयसी (सरकारी माहिती-तंत्र केंद्र) किंवा एनपीएलच्या (राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळा) वेळेशी, नाहीतर त्यांच्याशी जुळणाऱ्या सर्व्हरशी जोडलेली हवीत.

आणि आपला साडेपाच तासांचा फरक टोकनमध्ये हाताने मिळवू नका, प्लीज. टोकनमधला आकडा यूटीसीच (जागतिक प्रमाणवेळ) असतो.

लॅपटॉपवर चालतं, सर्व्हरवर नाही

इथून पुढे थोडं महाग, सर्व्हरच्या सेटिंगला हात लावायचाय. पुढे एनजिनएक्स (बाहेरची रिक्वेस्ट घेऊन आत देणारा प्रॉक्सी), मागे एक्सप्रेस असा थाट असतो. ब्राउझर ते एनजिनएक्स एचटीटीपीएस, एनजिनएक्स ते एक्सप्रेस साधं एचटीटीपी. एक्सप्रेस-सेशनमध्ये तुम्ही कुकीला सिक्युअर लावलेलं असतं (बरोबरच केलंत), पण एक्सप्रेसला वाटतं कनेक्शन साधं आहे, म्हणून तो कुकी देतच नाही, आणि त्याबद्दल चकार शब्द काढत नाही, लॉगमध्येही काही नाही. उपाय दोन्हीकडे करायला लागतो: एनजिनएक्समध्ये एक्स-फॉरवर्डेड-प्रोटो हेडर पुढे पाठवायचा आणि एक्सप्रेसमध्ये "ट्रस्ट प्रॉक्सी" १ करायचं. १, कारण पुढे एकच प्रॉक्सी आहे. नुसतं ट्रू केलं की बाहेरच्या माणसाने खोटा आयपी लिहून पाठवला तरी सर्व्हर विश्वास ठेवतो.

सिक्युअर काढून टाकला की पण चालतं, हो. ते करू नका. तो बिघाड काढणं नाही, झाकणं आहे.

कधी चालतं कधी नाही

आधी कन्सोलचा लॉग वर नेऊन सुरुवातीची वॉर्निंग वाचा. एक्सप्रेस-सेशन स्वतः सांगत असतं की मेमरी स्टोअर प्रॉडक्शनसाठी नाही, मेमरी गळते आणि एका प्रोसेसपलीकडे चालत नाही. पीएम-टूवर (नोडच्या प्रोसेस चालवणारं टूल) चार प्रोसेस लावल्या असतील तर लॉगिन एकीच्या मेमरीत राहतं, पुढची रिक्वेस्ट दुसरीकडे जाते, ती म्हणते मी यांना ओळखत नाही. रेडिस (सगळ्या प्रोसेसना वाचता येणारं वेगळं स्टोअर) किंवा डेटाबेसमध्ये सेशन ठेवा. दर डिप्लॉयला (नवा कोड सर्व्हरवर टाकला की) सगळे बाहेर पडत असतील तर कारण बहुधा हेच, नाहीतर सिक्रेट की (पासवर सही करायची गुप्त किल्ली) सर्व्हर सुरू होताना रँडम बनवली जातेय. की एनव्हीमध्ये एकदाच ठेवा, सगळ्या प्रोसेसला एकच, आणि शेवटी चुकून स्पेस राहिली नाही ना बघा.

स्टोअर बाहेर नेल्यावर मग एक नवीनच येतं, लॉगिन करून रिडायरेक्ट केलं आणि ब्राउझर सेशन लिहून व्हायच्या आधी पुढच्या पानावर पोचला. वेगवान नेटवर जास्त होतं, त्यामुळे ऑफिसात होतं आणि घरी होत नाही. सेशन सेव्ह करून, त्याच्या कॉलबॅकमध्ये रिडायरेक्ट करा.

४०३ वाल्यांनी इथून वाचा

पत्त्यातून आलेला आयडी कायम स्ट्रिंग असतो, डेटाबेसमधला आकडा. तीन बरोबरची चिन्हं (===) लावून तुलना केली की "१२" आणि १२ कधीच सारखे होत नाहीत आणि माणसाला स्वतःचंच बिल दिसत नाही. रोलमध्ये (ज्यावरून परवानगी ठरते ते पद) एकीकडे मोठा ए, एकीकडे छोटा. आणि रोल टोकनमध्ये ठेवला असेल तर तुम्ही खजिनदार बदललात तरी जुना खजिनदार टोकन संपेपर्यंत खजिनदारच, नवा बाहेर. नाजूक गोष्टींसाठी रोल दरवेळी डेटाबेसमधून बघा.

इथे उलटी तपासणी पण कराच. स्वतः म्हणून लॉगिन करून पत्त्यातला फ्लॅट नंबर बदलून बघा. शेजाऱ्याचं बिल उघडलं तर तुमचं ऑथरायझेशन बसलेलंच नाही, नुसतं लॉगिन बसलंय. याची तक्रार कधीच येत नाही कारण ज्याला दिसतं तो सांगत नाही.

आपल्या भाषेचं एक

क्लासच्या शाखेचं युजरनेम देवनागरीत ठेवलं होतं, "नऱ्हे". मोबाईलवरून लॉगिन व्हायचं, ऑफिसच्या कॉम्प्युटरवरून नाही, पासवर्ड तोच. स्क्रीनवर दोन्ही सारखेच दिसतात. पण एका कीबोर्डने तो अर्धा र "ऱ" आणि हलन्त असा लिहिला, दुसऱ्याने साधा र, हलन्त आणि न दिसणारा झीरो-विड्थ जॉइनर. सर्व्हरसाठी दोन वेगळी नावं. युनिकोडचं एनएफसी नॉर्मलायझेशन "ऱ" ची दोन रूपं जुळवतं, पण जॉइनरवालं जुळवत नाही, ते तुम्हाला स्वतः बदलायला लागतं, आणि नोंदवताना व तपासताना दोन्हीकडे. कऱ्हाड, कुऱ्हाड, बिऱ्हाड, सगळ्यांना लागू.

जाता जाता, बीक्रिप्ट (पासवर्ड हॅश करायची पद्धत) पासवर्डचे पहिले ७२ बाइटच बघतं. देवनागरीचं एक चिन्ह ३ बाइट, मात्रा वेगळी मोजायची, म्हणजे २४ चिन्हं झाली की पुढे काहीही टाका, चालतं.

कुठे थांबायचं

वरचं सगळं करून दोन संध्याकाळ गेल्या आणि तरी पास कुठे पडतो हे बोट ठेवून सांगता येत नसेल तर थांबा, माहितगाराला बोलवा. त्या थकव्यात माणूस काय करतो ते मला माहितीये, "तात्पुरतं" म्हणून मिडलवेअर कमेंट करतो, किंवा व्हेरिफायच्या जागी डीकोड लिहितो. डीकोड सही तपासतच नाही. लगेच सगळं चालायला लागतं, अर्थातच, आता कुणीही स्वतः बनवलेलं टोकन घेऊन आत येऊ शकतं.

आणि खालचं काही दिसलं तर दोन संध्याकाळही थांबू नका: एकाला दुसऱ्याची माहिती दिसली, टोकनमधलं एक अक्षर बदललं तरी चालतंय, पासवर्ड डेटाबेसमध्ये जसेच्या तसे वाचता येतायत, सिक्रेट की गिटवर (कोडचा सगळा इतिहास ठेवणारी जागा) गेली, किंवा लॉगमध्ये तुम्ही न केलेली लॉगिन आहेत. हे सिक्युरिटीवाल्याचं काम आहे, माझ्यासारख्याचंही नाही. की गिटवर गेली असेल तर नुसती फाईल काढून उपयोग नाही, इतिहासात ती राहते, की बदलायलाच लागते, सगळे एकदा बाहेर पडतील, पडू देत. कंपनी असेल आणि कुणी आत घुसल्याचं दिसलं तर लक्षात आल्यापासून ६ तासांत सर्ट-इनला कळवायचं असतं, तेव्हा "उद्या बघू" चालत नाही. पेमेंट, आधार किंवा तब्येतीची माहिती असलेलं पोर्टल असेल तर लॉगिन मुळात स्वतः लिहूच नका, तयार आणि लोकांनी वापरून घासलेलं काहीतरी घ्या.

बोलावलेल्या माणसाला नेटवर्क टॅबमधून काढलेली एचएआर फाईल (सगळ्या रिक्वेस्टची नोंद), बिघाड झाल्याची नेमकी वेळ आणि वरच्या तीन जागांपैकी कुठे काय दिसलं तेवढं द्या. फक्त ती फाईल सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकू नका, तिच्यात चालू लॉगिनची कुकी असू शकते. एका काकांनी टाकली होती, आणि त्या रात्री ग्रुपवरच्या सत्तर जणांपैकी कुणालाही सेक्रेटरी होता आलं असतं. मी घाईघाईने सर्व्हरवरची सगळी सेशन उडवली, आणि सकाळी साडेसातला काकांचा फोन, "अहो, परत लॉगिन मागतंय."